अंबादासजींचा डबा

रांझीच्या त्या गल्लीत कुणालाही ताप आला की अंबादासजींचा स्टीलचा डबा उघडायचा. त्यात अँटिबायोटिकच्या उरलेल्या गोळ्या असत. दोन घ्यायच्या, बरं वाटलं की बाकीच्या पुढच्या तापासाठी ठेवायच्या. स्वतःही त्यांनी जन्मभर तेच केलं. शेवटी रक्तात पसरलेल्या जंतूंनी कुठल्याच औषधाला जुमानलं नाही. "अर्धवट डोसांवर पोसलेत ते," डॉक्टरांनी त्यांच्या मुलीला, संघमित्राला, सांगितलं.

मृत्यूनंतरच्या पुण्यानुमोदनाला शेजारी गहिवरून म्हणाले, "भाऊजींनी आम्हाले कधी दवाखान्याची पायरी चढू नाही दिली!" सगळे गेल्यावर संघमित्रा डबा फेकायला उठली. डबा रिकामा होता.

 

"आठवण म्हणून लोकं एकेक स्ट्रिप घेऊन गेले," आई म्हणाली. "तोंड काहून पाडलं? तुह्या पोरीच्या खोकल्यासाठी दोन गोळ्या काढून ठेवल्या न मी."