समोरच्या पानावरचा माणूस

“ही वांग्याची भाजी की चिखल?” खानावळीत समोर बसलेल्या नव्या गिऱ्हाइकाने नाक मुरडत फोड ताटाच्या कडेला ढकलली. मग पोळी जाड निघाली, आमटी पाणचट.

निवृत्त तलाठी दाभाड्यांना घास गिळवेना. त्या वाकड्या ओठांची, त्या कुरकुरीची त्यांना किळस आली. “कोण हा? असं काय बोलतो?” त्यांनी वाढायला आलेल्या कलावतीबाईंना हळूच विचारलं.

“आज पहिल्यांदाच आलेत. पण भाऊ, तुमच्यामुळे मला सवय आहे.”

दाभाड्यांचे कान तापले. बायको गेल्यापासून ते इथेच जेवत होते आणि रोज नावं ठेवत होते. तिच्या हातच्या स्वयंपाकालाही ठेवलीच होती. आपलंही तोंड असंच वाकडं दिसत असणार, या विचाराने त्यांना स्वतःचीच शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी आमटी खारट होती. जिभेवर आलेलं वाक्य त्यांनी पाण्याबरोबर गिळलं. “भात छान मोकळा झालाय. अजून वाढा.”

बाईंचा हात थबकला. “टोमणा मारताय?”

“नाही हो, खरंच.”

बाईंना हसू फुटलं, आणि कित्येक महिन्यांनी दाभाडे पोटभर जेवले.