बाजूला व्हा, बाई

तिला बरी करायला तुमच्या ताब्यात दिलं होतं, अधीक्षकसाहेब, आणि तुम्ही तिच्या हातात किटली दिलीत. गुन्हा दोघांचा एकच. नवरा-बायकोनं मिळून औषधाच्या दुकानाचं कुलूप तोडलं, दोघांनाही चटक लागलेल्या दुखण्यावरच्या गोळ्यांसाठी. न्यायाधीशांनी दोघांनाही एकाच दमात या व्यसनमुक्ती केंद्रात धाडलं. त्याला डॉक्टर मिळाला, रोजचं सत्र मिळालं. तिला तुम्ही सांगितलंत, "बायका इथे दोनच. दोघींसाठी कुठे वेगळा वर्ग काढत बसू? काम करा, कामात मन रमतं."

तिनं रमवून पाहिलं. पण उपचाराला आलेली दुसरी बाई, झाडलोटीला लावलेली मावशी, एकदा मेट्रनजवळ बोलून गेली की गोळीची फार आठवण येते. झालं! मावशीच्या लेकरांची भेट बंद. पुरुष हेच सत्रात बोलले की सत्र घेणारे सर त्यांची पाठ थोपटायचे. ती किटली घेऊन दारात उभी असायची, सगळं ऐकायची. तेव्हापासून तिनं तोंड शिवून घेतलं. तिचीही एक लेक होती, बालगृहात.

काल तुम्ही कोर्टाला अहवाल पाठवलात. बापाचे उपचार पूर्ण झाले, लेक बापाकडे द्यावी. आईचे उपचार झालेले नाहीत. झाले नाहीत म्हणजे काय, साहेब? सुरू कधी केले होतेत?

आज सकाळपासून तिला गोळीची तलफ छळत होती. सरांना एकट्याला गाठायचं आणि बोलायचं, एवढंच तिनं मनाशी धरलं होतं. संध्याकाळपर्यंत कुणाशी बोलणं झालं नाही, तर आपलं काही खरं नाही, हे तिला कळत होतं.

ती चहा घेऊन आत गेली. पुरुष गोल करून बसले होते.

"आली वहिनी!" त्यांच्यातला न्हावी ओरडला. "वहिनी, आज तरी साखर टाकलीत का? की तीही आम्ही चोरू म्हणून कुलपात ठेवलीत?"

सगळे हसले. तीही हसली. चहा देताना हसायचं, हे अंगवळणी पडलं होतं.

"सर, थोडं बोलायचं होतं," कप पुढे करत ती हळूच म्हणाली.

"नंतर बघू. आज तुमच्याच माणसाचा शेवटचा दिवस आहे ना!"

सरांनी एक रिकामी खुर्ची ओढली आणि तिच्या नवऱ्यासमोर ठेवली. "समज, इथे तुझी बायको बसली आहे. मनात साचलंय ते सगळं बोल तिच्याशी."

ती थबकली. किटली खाली ठेवली, एप्रनला हात पुसले. आता बोलावतील, असं तिला वाटलं. नवऱ्यानं मान वर केली. त्याची नजर तिच्यावर पडली आणि चटका बसल्यासारखी खाली गेली.

"बाई, जरा बाजूला व्हा," सर म्हणाले. "त्याला ती दिसू द्या."

ती बाजूला झाली. भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

नवरा खुर्चीशी बोलू लागला. "अगं, रात्रपाळीला शिवून शिवून तुझी पाठ भरून यायची. पहिली गोळी मीच तुझ्या हातावर ठेवली. तू नको नको म्हणत होतीस. मी म्हटलं, घे गं, एकीनं काय होतंय..."

हे तो तिला घरी कधी बोलला नव्हता. कोर्टात तर त्यानं सांगितलं होतं, बायकोच्या नादानं बिघडलो.

न्हाव्यानं बाहीला डोळे पुसले. सरांनी नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. "शाब्बास. मोकळा झालास. तिनं तुला माफ केलं."

"कुणी?" भिंतीकडून आवाज आला.

ती चालत आली आणि त्या खुर्चीत बसली.

"ऊठ गं," नवरा दबक्या आवाजात म्हणाला. "काय चाललंय तुझं? लोक बघतायत."

"बाई, सत्र चालू आहे," सर म्हणाले.

"मग चालू द्या की."

तिनं एप्रनच्या खिशात हात घातला आणि सरांसमोर मूठ उघडली. तळहातावर एक पांढरी गोळी होती, घामानं कडेला विरघळू लागलेली.

"सकाळी दवाखान्याची खोली पुसताना उचलली. अजून घेतलेली नाही. आता सांगा, सर, मी काय करू?"