पाठ टेकायचं ते

"तुझ्या बाबांच्या गाडीचं पाठ टेकायचं ते जरा हलतंय गं," असं आईने कपड्यांच्या घड्या घालता घालता सांगितलं होतं, तेव्हा लेक हसली होती. "आई, त्या गाडीत न हलणारं काय आहे ते सांग!" विषय तिथेच संपला होता.

आज गाडी फाटकासमोर उभी होती. बाबांनी निवृत्तीनंतर हौसेने घेतलेली जुनी क्रूझर मोटारसायकल. बसकी सीट, रुंद हँडल, पाय ताणून ठेवायला पुढे सरकवलेले फूटरेस्ट आणि मागे पाठ टेकायला चकचकीत दांड्यांची बॅकरेस्ट. टाकीवर हेल्मेट घालून लेकीची चिंगी बसली होती आणि घोड्याला थोपटावं तशी टाकीला थोपटत होती.

"एकच फेरी," बाबा म्हणाले. "गल्लीच्या टोकापर्यंत. मध्ये चिंगी, मागे तुझी आई."

"थांबा जरा."

लेकीने घरातल्या टेबलांच्या कोपऱ्यांना स्पंज चिकटवले होते. प्लगची भोकं बुजवली होती. चिंगीच्या दुधाचा थेंब आधी लेकीच्या मनगटावर पडायचा, मगच बाटली पुढे जायची. तिने टायर अंगठ्याने दाबले. ब्रेक दाबला. चेन बोटाने उचलून पाहिली.

"सैल आहे."

"एवढी सैल लागतेच."

"आणि आरसे? गाडी चालू झाली की नुसते थरथरतात. मागचं धड दिसतं तरी का?"

"म्हणून तर मी मागे बघतच नाही. पुढे बघतो." बाबांना विषय हवाच होता. "या धाटणीच्या मूळ गाड्या मोठ्ठ्या गं. लांबलचक, सरळ रस्त्यांसाठी केलेल्या. आपल्यासारख्यांना कुठून परवडणार? मग कंपन्यांनी रूप तेच ठेवलं आणि पोटात छोटं इंजिन बसवलं."

"म्हणजे थाट राजाचा आणि इंजिन कारकुनाचं," आई म्हणाली.

"कारकुनानेच घेतलीय. आणि कारकून वेळेवर पोचतो."

"चढ आला की बायकोला उतरवून पोचतो."

"एकदाच उतरवलं!"

लेक हसली, पण चिंगीला तिने टाकीवरून उचलून आईच्या कडेवर दिलं. "आधी मला फिरवून आणा. मग हिला."

"बाबांना धरून बस हं," आई म्हणाली.

गाडी सायकलच्या वेगाने निघाली. खालून इंजिनाची संथ धडधड येत होती. तोंडावर वारा लागत होता. गल्लीचं टोक आलं, बाबांनी गाडी अलगद वळवली. चालवतात तर छान, तिला वाटलं. सकाळपासून आखडलेले तिचे खांदे सैल झाले आणि ती मागे टेकली.

बॅकरेस्टही तिच्याबरोबर मागे गेली.

तिला नुसतं आभाळ दिसलं. "बाबा!" तिने दोन्ही मुठींत त्यांचा शर्ट पकडला. गाडी थांबली.

एका बाजूचा बोल्ट जागेवर नव्हताच. दुसरा जेमतेम आट्यांना धरून होता. बाबांनी दांडी हलवून पाहिली, पुन्हा हलवली.

"मी दर रविवारी सगळे नट आवळतो. हिच्या थरथरीने ढिले होतात म्हणून. आरसे, हँडल, सायलेन्सर..." ते थांबले. "हे कसं राहिलं?"

"तुम्ही मागे कधी बसलात?" लेक म्हणाली.

ती दोघं गाडी ढकलत परत आली. आईने लांबूनच ओळखलं. "निघालं का एकदाचं? मी तर कधीची बोटभर पुढे सरकूनच बसतेय."

"अगं, मग मला सांगायचं नाही?" बाबांचा आवाज चढला.

"इतक्या वर्षांनी तुम्हाला मला कुठे न्यायची हौस आली. तुम्हाला सांगितलं असतं तर गाडी आठवडाभर घरी. मी कशाला त्यात मोडता घालू?"

लेकीला कपड्यांच्या घड्या आठवल्या. तेव्हा लेकीलाच सांगितलं होतं, हे आईने बोलून दाखवलं नाही. लेक आत गेली आणि पान्यांचा डबा घेऊन आली.

बाबांनी डब्यातून नवे बोल्ट शोधले, वॉशर घातले, घाम येईपर्यंत आवळले. लेकीने दोन्ही हातांनी दांडी ओढून पाहिली. "अजून अर्धा आटा."

"पुरे गं बाई," आई म्हणाली, "आता गाडीच उपटून हातात येईल."

चिंगी मध्ये बसली, आई मागे. सवयीने ताठ, एक हात बाबांच्या खांद्यावर.

"आई, टेक."

आई आधी जरा टेकली. मग थोडी आणखी. मग खांद्यावरचा हात सुटून चिंगीच्या पोटाभोवती आला आणि तिची सबंध पाठ मागे विसावली.

"अगंबाई," ती म्हणाली, "हे असं असतं होय!"

ठरली होती एकच फेरी. ती तिघं चौथीला निघाली तरी फाटकातून लेकीने हाक मारली नाही.

तुमच्याही गाडीवर मागे कोणी बसत असेल. पुढच्या सिग्नलला आरशात बघू नका, तो थरथरतच असतो. मान वळवून बघा. टेकून बसलंय ना?