अर्धा कोयता

गहिनीनाथची बायको मनकर्णा गेल्याचं कळलं तेव्हा टोळी फडात ऊस तोडत होती. संगमनेरच्या दवाखान्यातून माणूस निरोप घेऊन आला आणि चालू हात एकेक करत थांबले. तापच होता, उतरेल, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. मुकादम आसारामनं टोपी काढून हातात घेतली. वाईट वाटलंच. पण त्याच्या मनात दुसराही एक विचार आला, आणि तो खोटा नव्हता. टोळीतला एक कोयता अर्धा झाला होता.

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. नवरा तोडतो. बायको मागून मोळ्या बांधते आणि डोक्यावरून ट्रककडे वाहते. एकट्या माणसाला टोळीत जागा नसते.

दहावा उरकून गहिनीनाथ गावाहून परत आला. गावाकडे विहिरी आटल्या होत्या. तिथं राहून खाणार काय? पण इथंही त्याचा हात चालेना. चार ऊस तोडायचा, मागं वळून बघायचा, आणि थांबायचा. तोडलेला ऊस तसाच पडून राहायचा.

आसारामनं सगळं करून पाहिलं. आधी गोडीनं घेतलं. "बस जरा सावलीला," म्हणाला. गहिनीनाथ बसला तो उठलाच नाही. मग हलकं काम दिलं, बैलांना पाणी पाजायचं. मग एकदा चारचौघांत शिवी दिली. गहिनीनाथनं ती ऐकूनही घेतली नाही.

कारखान्याच्या शेतकी विभागाचे शामकांत रोज सायकलवर फडात येत. त्यांनी मुकादमाला बाजूला घेतलं.

"उद्याच्या ट्रकमध्ये त्याचा ऊस दिसला नाही, तर त्याला गावी पाठव. कारखान्याच्या दाराशी नवे कोयते येऊन बसलेत, आसाराम."

दुसऱ्या दिवशी सकाळी एस.टी.तून एक म्हातारी उतरली आणि बांधाबांधानं सरळ फडात आली. गहिनीनाथची सासू, गोजरबाई. आसारामला वाटलं, लेकीची भांडी-लुगडी न्यायला आली असेल. तिनं गाठोडं बांधावर ठेवलं, कासोटा घट्ट केला आणि जावयाच्या मागं पडलेला ऊस गोळा करायला लागली.

"मामी, हे काय?" आसाराम म्हणाला.

"अर्धा कोयता हितं हाय न्हवं? अर्धा मी."

आता अडचण अशी, की सासूनं जावयाशी तोंडावर बोलायचं नाही ही त्यांच्याकडची रीत. तिनं पदर पुढं ओढला आणि मुकादमाकडे बघून बोलली.

"मुकादम, पाव्हण्यांना इचारा, ऊस तोडत्यात का गोंजारत्यात?"

शेजारच्या सरीतला काकासाहेब मोठ्यानं हसला. गहिनीनाथचे कान लाल झाले. त्यानं वळून न बघता कोयता हाणला.

"मुकादम, मामींना सांगा, मोळी सैल बांधली तर ट्रकवर सुटंल."

"त्यांना म्हणावं, माझ्या लेकीला मोळी मीच शिकवलीया."

मग गहिनीनाथचा कोयता पुन्हा पडला, आणि त्यानंतर तो पडतच राहिला. सपासप ऊस आडवा व्हायला लागला. म्हातारी मोळ्या आवळत होती आणि बोलत होती.

"बुडापासून तोडा म्हणावं. गोड तिथंच असतंय."

"मामींना म्हणावं, एवढी घाई असंल तर फुडं येऊन तोडा."

"सांगा त्यांना, कोयता द्या, तोडून दावते."

आसारामला दोन्हीकडचे निरोप पोचवता येईनात. शेवटी दोघं थेटच भांडायला लागली. ती सरी संपली, दुसरी निम्मी झाली. काकासाहेबाची बायको त्याला ओरडली, "म्हातारी फुडं गेली, आन् तुमी दात काढत बसा." मग काकासाहेबही पेटला. फडभर हात भराभर चालायला लागले.

दुपारनंतर ट्रक आला. मागं फळी लावली. गोजरबाई डोक्यावर मोळी घेऊन फळी चढली तेव्हा सगळे श्वास रोखून खाली उभे होते. फळी वाकली, म्हातारी डुलली, वर पोचली. खालून एकच आरोळी उठली. गहिनीनाथनं पुढची मोळी स्वतः डोक्यावर घेतली आणि तिच्या मागोमाग पळतच चढला. दिवस मावळायच्या आत ट्रक भरला. टोळीचा एवढा ऊस त्या हंगामात कधी गेला नव्हता.

शामकांत सायकल धरून बघत राहिले.

"काय केलंस रे, आसाराम? बक्षीस कबूल केलंस का त्याला?"

"न्हाई साहेब." आसारामचा ऊर भरून आला होता. "सावलीला बसवून माणूस उठत न्हाई. मागं मोळी बांधणारं कुणीतरी लागतंय. आपलं काम कुणाला तरी हवंय, एवढं कळलं की हात चालतोय बघा."

"बाकीच्या मुकादमांनाही सांग हे. आणि तो राहू दे टोळीत."

ट्रक गेला. टोळी बांधावर चहाला टेकली. आसाराम ही बातमी सांगायला खुशीतच फडात शिरला. कोयत्याचा आवाज अजून येत होता. गहिनीनाथ तोडत होता, गोजरबाई बांधत होती. भांडण कधीच थांबलं होतं.

"मामी, ट्रक गेला. गहिनीनाथ राहिला टोळीत. बास आता, बसा दोघं."

गोजरबाईनं मान वर केली नाही. हळूच म्हणाली, "त्याला बस म्हणू नका, मुकादम. त्यो बसला का मला बी बसावं लागंल."

आसारामला तेव्हा उमगलं. मनकर्णासाठी रडायचं दोघांचंही राहिलं होतं.