निघतानाचा शब्द

अपघातानंतर दिगंबर बोलत नव्हते, हलत नव्हते. पलंगाशेजारच्या यंत्राच्या पडद्यावर मात्र त्यांच्या मेंदूतील पेशी दिसत: आवाज टिपणाऱ्या निळ्या, निर्णय घेणाऱ्या पिवळ्या. सात महिने फक्त निळ्याच उजळत होत्या.

"ऐकू येतं त्यांना, पण उत्तर द्यायचं ते ठरवत नाहीत," डॉ. तळवलकर म्हणाल्या.

दिगंबरांच्या पत्नीने, इंदुमतींनी, पिशवी उचलली. रोज निघताना त्या "येते हं" म्हणत, आज थकव्याच्या भरात तोंडून निसटले, "जाते मी."

पिवळ्या पेशी एकाएकी उजळल्या.

"चाळीस वर्षं हा शब्द बोलू दिला नाही यांनी. 'येते म्हण' म्हणून ओरडायचे."

"एकदा घडलं, तो पुरावा नव्हे. पुन्हा म्हणा."

"कशी म्हणू? आत्ताच अडवलंय ना त्यांनी."

पिशवी खाली ठेवून इंदुमती परत बसल्या.