चौथ्या मजल्याची चावी

हे लिहिणारच नव्हतो, कारण यात माझीही चूक आहे. मी समुद्राकाठच्या एका हॉटेलात काउंटरवर असतो. सीझन संपला की आम्ही सगळ्यांना पहिल्याच मजल्यावर खोल्या देतो, वरचे मजले रिकामे. परवा एक जोडपं दोन दिवस फिरायला आलं. बाई हळूच म्हणाली, "दादा, जिथे माणसं आहेत ना, तिथलीच खोली द्या."

मी म्हटलं, "अहो वहिनी, नवऱ्यासोबत आलात, माणसं कशाला हवीत?"

नवरा खो खो हसला. मला उगाच भारी वाटलं. त्याच भाड्यात चौथ्या मजल्यावरची, समुद्रासमोरची खोली देऊन टाकली.

दुसऱ्या दिवशी दुपारी नवरा शिट्टी वाजवत खाली आला. "खोली एक नंबर! अजून दोन दिवस वाढवा." त्याच्या मुठीची सालटी निघाली होती. तेवढ्यात टॉवेल बदलायला गेलेला आमचा लंब्या जिन्यातून ओरडत आला. बाई बाथरूममध्ये पडली होती. जबडा मोडलेला, दोन दात बेसिनमध्ये.

लंब्याने नवऱ्याचं डोकं काउंटरवर दाबून धरलं, मी पोलिसांना आणि अँब्युलन्सला फोन केला.

सगळे गेल्यावर लंब्या म्हणाला, "ओरडली असणार रे ती. पण वर ऐकायला होतं कोण? तिला चौथ्यावर धाडलं कुठल्या गाढवाने?"

"मी. ती पहिला मजला मागत होती."

लंब्याने खांद्यावरचे टॉवेल काउंटरवर आपटले.

"आईशप्पथ लंब्या, यापुढे कुठल्याही बाईने माणसं असलेला मजला मागितला, तर मी विनोद करणार नाही. गुपचूप चावी देईन."