निळा राहिला तर

दिवा लागला आणि मृणालीने त्याच्यावर नजर रोवली ती रोवलीच. पक्षाच्या बड्या साहेबांनी फोटोसाठी बटणावरचं बोट बराच वेळ तसंच धरलं, टाळ्या झाल्या, कुणीतरी नारळही फोडला. तिने मान वर केली नाही. टेबलावर काचेच्या बंद डबीत नखाएवढा निळा ठिपका पेटला होता आणि कॅमेऱ्यातून तो मागच्या पडद्यावर परातीएवढा दिसत होता. टेमघरचं अख्खं मैदान त्याच्याकडे बघत होतं. तो निळा राहिला तरी सगळ्यांना दिसणार होतं, आणि हिरवा पडला तरी.

तिला भीती त्या हिरव्याचीच होती. दिव्यात पेरोव्हस्काइट नावाच्या स्फटिकाचा पातळ थर होता. त्यात ब्रोमिन आणि क्लोरिन मिळूनमिसळून बसले, की निळा उजेड पडतो. पण वीज वाहू लागली, की हेच शेजारी जागा सोडून पळतात, आपापले कंपू करून वेगळे बसतात आणि निळ्याचा हिरवा होतो. या पळापळीने जगभरचे शास्त्रज्ञ हैराण होते. टेमघरची मृणाली त्यांच्यातलीच एक.

मागे तिने गावपुढारी भाऊंच्या बंगल्यावर हा दिवा लावून दाखवला, तेव्हा चहा संपायच्या आत तो हिरवा पडला होता. भाऊ तिच्या नात्यात लांबचे, निवडणुकीत जवळचे. नारपोलीत त्यांचा एक गाळा होता, कापडाचे लूम भंगारात गेल्यापासून रिकामा. मुंबईच्या संशोधन संस्थेतली मृणालीची नेमणूक आता संपत आली होती. संस्था जुनी यंत्रं द्यायला तयार होती, पण ती ठेवायला जागा हवी होती. गाळा मिळाला तर काम पुढे चालणार, नाहीतर इतक्या वर्षांचा घाम वाया. भाऊ मात्र हिरव्या ठिपक्याकडे बघून पोट धरून हसले होते.

"गाळा तुझाच हाय, मृणाली. पन जो रंग बदलतो त्याच्यावर भाऊचा भरवसा न्हाय. भर सभेत निळा टिकवून दाखव, चावी तिथंच देतो."

ज्यांच्या कपाटात चार पक्षांचे गमछे इस्त्री करून ठेवलेले, त्यांनी हे बोलावं! पण हॉलमध्ये कुणी हसलं नाही. मृणालीही हसली नाही. गरजवंताला अक्कल नसते. ती मुकाट्याने परत गेली, कामाला लागली आणि कितीतरी खटपटींनंतर त्या थरात तिने पोटॅशियमचं एक मीठ मिसळलं, अगदी चिमूटभर. "पळणाऱ्यांचे पाय धरून ठेवतं ते," असं तिने आई गोदूबाईला समजावलं. गोदूबाईला बाकी काही कळलं नाही, पण एवढं पक्कं कळलं.

आता माइक भाऊंच्या हातात होता.

"ही आपली पोर! हिच्या परयोगशाळेला आपुन नारपोलीचा गाळा दिला! निळा टिकला, तर चावी आताच!"

टाळ्या पडल्या. ठिपका निळा होता.

मग नवतरुण मंडळाचा सावळाराम उठला. पोरांना व्यायामशाळा नाही, पोरं धामणकर नाक्यावर उभी राहून वाया चालली, असं तो फार कळवळून बोलला. टाळ्या आधीपेक्षा मोठ्या पडल्या. टाळ्या ऐकल्या की भाऊंना खुर्चीत बसवत नाही. ते उठले आणि अर्धा गाळा व्यायामशाळेला देऊन बसले. मृणालीच्या कानावर ते आलं, पण नेमकी तेव्हाच ठिपक्याची कड तिला हिरवट वाटली. ती डबीवर वाकली. मंडपाच्या हिरव्या कापडाची काचेवर पडलेली झाक होती ती. ठिपका निळाच होता.

त्यानंतर बचत गटाच्या आक्का बोलल्या. त्यांना मसाल्याच्या चक्कीसाठी जागा हवी होती. "आयाबहिनींना नाय म्हनला तर तो भाऊ कसला?" भाऊ गरजले आणि उरलेला अर्धाही गेला.

शेवटी साहेब. दिव्याकडे हात करून ते निष्ठेवर बोलले, स्थैर्यावर बोलले, दिलेल्या शब्दाच्या किमतीवर तर फारच सुंदर बोलले. जाता जाता एवढंच म्हणाले, की नारपोलीत आपलं संपर्क कार्यालय नाही याची मनाला खंत वाटते. भाऊ ताडकन उभे राहिले. खिशातून चावी काढून त्यांनी साहेबांच्या हातात ठेवली.

"साहेब, अख्खा गाळा तुमच्या पायाशी!"

फटाके लागले. आता कुठे मृणालीने मान वर केली. साहेबांच्या बोटात चावी फिरत होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. रागाचं होतं की दुःखाचं, तिचं तिलाच कळेना. त्या पाण्यातूनही ठिपका निळाच दिसत होता.

भाऊ शाल आणि श्रीफळ घेऊन तिच्याकडे आले. चेहऱ्यावर ओशाळेपण कुठेच नव्हतं.

"काय गं, बदलला का रंग?"

"नाही, भाऊ. दिवा तसाच आहे."

"वा! मंग झालं तर!" म्हणत त्यांनी शाल तिच्या खांद्यावर टाकली आणि ते साहेबांना गाडीपर्यंत सोडायला पळाले.

पहिल्या रांगेतून गोदूबाई उठून स्टेजवर आली. तिने दिव्याकडे पाहिलं. मग गाडीच्या दारापाशी वाकलेल्या भाऊंकडे पाहिलं. लेकीच्या खांद्यावरची शाल काढून तिने खुर्चीवर ठेवली आणि तिला जवळ घेतलं.

"रडू नको," ती म्हणाली. "तुज्या त्या मिठातलं चिमूटभर उरलं हाय का बघ. भाऊच्या चहात टाकू."